निकोलस रे : घरांचे सिनेमे काढणारा बेघर माणूस

मध्यंतर

सुरुवातीलाच सांगून टाकते, हा धागा सत्यजितबाबूंचा नाही. हा दुसरा रे, अमेरिकेतला, आणि रे हे त्याचं जन्माचं आडनावही नव्हे. रेमंड निकोलस किन्झल हे पाळण्यातलं नाव. जन्म ७ ऑगस्ट १९११, विस्कॉन्सिन राज्यातलं गेल्सव्हिल. वाढला जवळच्या ला क्रॉस गावात, मिसिसिपीच्या काठी. बाप इमारतींची कंत्राटं घेणारा आणि दारूत बुडालेला. पोरगा सोळाचा होता तेव्हा गेला. पुढे पोराने नावाची उलटापालट केली आणि निकोलस रे झाला.

त्याच्यावर लिहिणारे हमखास त्याला ‘हॉलिवुडचा बंडखोर’ म्हणतात. ‘रिबेल विदाउट अ कॉज’ (१९५५) त्याचाच, त्यामुळे शिक्का आयताच मिळाला. गंमत म्हणजे ते शीर्षकही त्याचं नाही. रॉबर्ट लिंडनर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाचं त्या नावाचं पुस्तक १९४४ मध्ये आलं होतं, वॉर्नर ब्रदर्सने त्याचे हक्क घेऊन ठेवले होते, आणि सिनेमात पुस्तकातलं नावाखेरीज काहीच उरलं नाही.

मला हा शिक्का अर्धवट वाटतो. स्टुडिओशी भांडणारे दिग्दर्शक तेव्हा पैशाला पासरी होते. रेने १९४७ ते १९६२ या काळात वीस सिनेमे केले, बहुतेक स्टुडिओच्या पैशांवर आणि ठरलेल्या साच्यांत : गुन्हेगारी, वेस्टर्न, युद्धपट, शेवटी शेवटी तर येशूचं चरित्रसुद्धा. त्याचं बंड साच्याच्या आत चालतं. पन्नासच्या दशकातली अमेरिका जाहिरातींत एकच चित्र रंगवत होती : पुढे हिरवळ, मागे घर, दारात मोटार, स्वयंपाकघरात फ्रीज आणि हसरी आई, संध्याकाळी कामावरून परतणारा बाप. रे कॅमेरा घेऊन त्याच घरात शिरला आणि तिथे माणसं कशी घुसमटतात ते दाखवत राहिला. त्याचा जवळजवळ प्रत्येक चांगला सिनेमा घराबद्दल आहे, असं माझं म्हणणं आहे.

पहिलाच घ्या. ‘दे लिव्ह बाय नाइट’. आरकेओ स्टुडिओत १९४७ मध्ये चित्रित झाला. सुरुवातीला एक तरुण जोडपं दिसतं, आणि पडद्यावर अक्षरं उमटतात की या मुलाची आणि या मुलीची आपल्या जगाशी कधी नीट ओळखच करून दिली गेली नाही. लगेच हेलिकॉप्टरमधून टिपलेली, माळावरून धावणारी मोटार. हेलिकॉप्टरातून असा नाट्यप्रसंग चित्रित करण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांतला हा एक. तुरुंगातून पळालेला पोरगा आणि पेट्रोलपंपावरची मुलगी. दरोडे, पाठलाग सगळं आहे, पण रेला त्यात फारसा रस नाही. त्याला रस आहे तो त्या दोघांनी भाड्याच्या खोलीत चार दिवस नवरा-बायकोसारखं राहून पाहण्यात. १९४८ मध्ये हॉवर्ड ह्यूजने स्टुडिओ विकत घेतला आणि सिनेमा डब्यात पडून राहिला. आधी लंडनमध्ये लागला, अमेरिकेत लागायला १९४९चा नोव्हेंबर उजाडला.

आता घराचं हे वेड आलं कुठून? बाप कंत्राटदार, हे एक. दुसरं म्हणजे विशीत हा फ्रँक लॉइड राइट या नामांकित वास्तुशिल्पकाराकडे होता. राइटने विस्कॉन्सिनमध्ये टॅलिएसिनला गुरुकुलासारखं काहीतरी काढलं होतं, तिथे रे १९३३-३४ च्या सुमारास राहिला आणि तिथलं छोटं नाट्यगृह सांभाळायचा. राइटशी फाटलं आणि निघाला. पण आडव्या रेषेचं प्रेम आपण राइटकडून घेतलं, असं तो नंतर सांगत असे. सिनेमास्कोपचा लांबलचक पडदा आला तेव्हा भल्याभल्यांना प्रश्न पडला की एवढ्या जागेचं करायचं काय. याला पडला नाही.

मधली वर्षं भराभर सांगते. न्यूयॉर्कमध्ये डाव्या नाटक मंडळींत गेला, तिथे पुढे दिग्दर्शक झालेला एलिया कझान भेटला. अॅलन लोमॅक्सबरोबर लोकसंगीताचं काम केलं; वुडी गथ्री, लेड बेली ही मंडळी त्यांच्या रेडिओ कार्यक्रमात गायची. युद्धकाळात जॉन हाउसमनच्या हाताखाली सरकारी रेडिओ. कझानच्या पहिल्या हॉलिवुड सिनेमाला साहाय्यक. हाउसमननेच पुढे निर्माता म्हणून त्याला पहिला सिनेमा दिला.

‘रिबेल’बद्दल थोडं सविस्तर, कारण तो बहुतेकांनी पाहिलाय. सगळी गोष्ट एका दिवस-रात्रीत घडते. जिम, ज्युडी आणि प्लेटो ही तीन पोरं पहिल्याच प्रसंगात पोलीस चौकीत असतात, एकमेकांना न ओळखता. काचेच्या तावदानांपलीकडे एकाच चौकटीत तिघं तीन कोपऱ्यांत. तिघांनाही घरं आहेत आणि तिघंही रात्री घराबाहेर. पुढे ती एका ओसाड बंगल्यात घुसतात आणि लुटुपुटीचं कुटुंब मांडतात. (तो बंगला म्हणजे ‘सनसेट बुलेव्हार्ड’मधला तोच! १९५७ मध्ये पाडला.) पहिले काही दिवस चित्रण कृष्णधवल चाललं होतं, मग स्टुडिओने रंगीत करायला सांगितलं आणि जिम झालेल्या जेम्स डीनच्या अंगावर ते लाल जाकीट आलं. डीन सोफ्यावर डोकं खाली करून पडलाय, आई जिन्यावरून उतरतेय, आणि आपल्याला ती उलटी दिसते. मग कॅमेरा फिरत फिरत सरळ होतो. घर उलटंपालटं झालंय हे सांगायला रेला संवाद लागत नाही. ३० सप्टेंबर १९५५ ला डीन अपघातात गेला आणि सिनेमा लागला २७ ऑक्टोबरला. त्यानंतर तो सिनेमा रेचा राहिलाच नाही, डीनचा झाला.

‘जॉनी गिटार’ आणि ‘बिगर दॅन लाइफ’ मुद्दाम ठेवलेत. प्रतिसादांत बोलू.

---

वऱ्हाडी ठेचा

ताई, एवढं मोठं लिवलं अन् सिनेमा कुठं पाहाचा ते सांगितलंच नाही. मले ‘रिबेल’ मधी ते मोटारी कड्यावरून लोटाची शर्यत तेवढी याद आहे. बाकी डीनचा बाप एप्रन घालून जमिनीवर सांडलेलं वेचते, तो पाहून आमचे बाबा उठून गेल्ते.

---

तिरकी रेघ

तुमच्या बाबांचं सोडा, मीही तिथेच अडकते. त्या सिनेमाचं मानसशास्त्र आज वाचवत नाही. बाप एप्रन घालतो, बायकोचं ऐकतो, म्हणून मुलगा बिघडला! बापाने एकदा आवाज चढवला की सगळं रुळावर येणार. ही बंडखोरी असेल तर सनातनीपणा कशाला म्हणायचं?

आणि मध्यंतरताई, लेखात एक गोष्ट गाळलीत. चित्रण चालू असताना रे आणि ज्युडी झालेली नॅटली वुड यांचे संबंध होते. तो ४३ वर्षांचा, ती १६. हे गॉसिप नाही, चरित्रांत छापून आलेलं आहे. तरुणांच्या बाजूने उभा राहणारा दिग्दर्शक वगैरे म्हणताना हे बाजूला कसं ठेवायचं?

---

खडूस आजोबा

लेख बरा आहे. ‘पैशाला पासरी’ वाचून बरं वाटलं, हल्ली कोणी लिहीत नाही.

तिरकी रेघ यांना : तो काळ वेगळा होता. स्टुडिओंच्या त्या जगात असल्या गोष्टी सर्रास चालत आणि सगळ्यांना ठाऊक असत. आजचे नियम त्या काळाला लावून सिनेमाचं मोल कमी होत नाही.

---

तिरकी रेघ

आजोबा, आजचे नियम लावायची गरजच नाही. कॅलिफोर्नियात संमतीचं वय तेव्हाही १८ होतं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोललं नाही, एवढंच वेगळं. सिनेमा फेकून द्या असं मी म्हटलेलं नाही, पण धाग्यात नोंद राहू दे.

---

मध्यंतर

नोंद राहायलाच हवी आणि तुम्ही केलीत ते बरं झालं. ज्या सिनेमात मोठी माणसं पोरांना समजून घेत नाहीत म्हणून टाहो फोडलाय, तो करणाराच असा वागत होता, हे कुठल्याही कौतुकाने धुऊन निघत नाही.

एप्रनबद्दल मात्र थोडी असहमत. बापाच्या तोंडचा उपदेश आणि चौकटीतलं चित्र यांत फरक आहे. शेवटी प्लेटो मरतो आणि जिमच्या घरचे सगळे ‘आता सगळं ठीक होईल’ अशा चेहऱ्याने उभे असतात. संहिता म्हणते समेट झाला. पण मागे रुग्णवाहिकेत एक पोर मेलेलं आहे, आणि प्लेटोसाठी रडायला कोण, तर घरची मोलकरीण. आईबाप तिथेही नाहीत. रेची हीच खोड आहे, संहितेत गोड बोलायचं आणि चित्रात ते मोडायचं. स्टुडिओत राहून दुसरं काय करणार होता?

---

पस्तीस एमेम

लेख आवडला. थोडी तांत्रिक भर.

‘रिबेल’चं गुणोत्तर २.५५ : १ आहे. म्हणजे उंचीच्या अडीचपट रुंदी. त्या काळी बहुतेक लोक अशा पडद्यावर पात्रांना ओळीत उभं करायचे, नाहीतर डोंगर-दऱ्या भरायचे. रे घराच्या आतच असा पडदा वापरतो. जिना तिरका घेतो, कॅमेरा कलता करतो, आणि आडव्या पडद्यात उभ्या-तिरक्या रेषांची मारामारी लावून देतो. स्टार्क कुटुंबाच्या, म्हणजे जिमच्या घरच्या, दिवाणखान्यातलं बापलेकाचं भांडण बघा. आई जिन्यावर, बाप मध्ये, मुलगा खाली. तिघांना एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं तर मान वर-खाली करावीच लागते.

आणि तो दिवाणखाना कुठून आला माहीत आहे? रे तेव्हा हॉलिवुडमधल्या शातो मार्मोंट हॉटेलच्या बंगल्यात राहायचा. संहितेच्या तालमी तिथेच व्हायच्या. सेट त्या खोलीवरूनच बेतला. ‘इन अ लोनली प्लेस’ (१९५०) मधलं चौक असलेलं घरसुद्धा, हॉलिवुडमध्ये आल्यावर तो जिथे पहिल्यांदा राहिला त्या इमारतीवरून उभारलंय. म्हणजे तुमचा घराचा मुद्दा शब्दशः खरा आहे. माणूस स्वतःच्या भाड्याच्या जागा स्टुडिओत पुन्हा बांधत होता.

---

प्रशांतकिनारी

मी लॉस एंजेलिसमध्येच असते. ‘रिबेल’मधली ती वेधशाळा, ग्रिफिथ ऑब्झर्व्हेटरी, पाहुणे आले की दाखवायची ठरलेली जागा आहे आमची. बाहेर जेम्स डीनचा अर्धपुतळा आहे, मागे डोंगरावर हॉलिवुडची पाटी. लोक फोटो काढतात आणि जातात. दिग्दर्शकाचं नाव विचारलं तर दहातले नऊ जण गप्प. आत तारांगण आहे तिथे बसलं की सिनेमातला तो प्रसंग आठवतो : व्याख्याता थंड आवाजात सांगतो की विश्वाच्या पसाऱ्यात माणसाच्या अडचणी क्षुल्लक आहेत, आणि खाली अंधारात पोरं एकमेकांना टोमणे मारताहेत. मला त्या सिनेमात सगळ्यांत भीतिदायक वाटतो तो हाच भाग, सुरे आणि कडे वगैरे नाही.

---

शंकासूर

दोन शंका. एक, हा तिशीच्या दशकात डावा होता म्हणता, मग कम्युनिस्टांना हुडकणाऱ्या मॅकार्थीच्या धामधुमीत वाचला कसा? दोन, ‘जॉनी गिटार’ म्हणजे गाण्यांचा सिनेमा आहे का?

---

खडूस आजोबा

दुसऱ्या शंकेचं उत्तर : नाही.

पहिली शंका योग्य आहे. तो नुसता डावा नव्हता, कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. त्याच्याच ला क्रॉसचा, त्याच हायस्कुलातला एक दुसरा मुलगा होता, दोनेक वर्षांनी मोठा. जोसेफ लोझी. तोही दिग्दर्शक झाला, तोही डावा. १९४७ नंतर हॉलिवुडमधले कम्युनिस्ट शोधणाऱ्या संसदीय चौकशी समितीचा फेरा सुरू झाला तेव्हा हॉवर्ड ह्यूजने स्टुडिओत एक संहिता फिरवायला घेतली, ‘आय मॅरीड अ कम्युनिस्ट’. ही निष्ठेची चाचणी होती. जो दिग्दर्शन करायला नकार देईल तो लाल. लोझीने नकार दिला. त्याला पुढे देश सोडावा लागला आणि उरलेली कारकीर्द इंग्लंडात गेली. रेने आधी होकार दिला आणि नंतर अंग काढून घेतलं. तरी त्याला धक्का लागला नाही. ह्यूजची त्याच्यावर मर्जी होती आणि त्यानेच त्याला सांभाळलं, असं बहुतेक चरित्रकार मानतात. बदल्यात रे आरकेओसाठी पडेल ते करत राहिला. दुसऱ्यांचे बिघडलेले सिनेमे दुरुस्त करायचे, जॉन वेनला घेऊन वैमानिकांचा युद्धपट करायचा, वगैरे.

म्हणून मी त्याला बंडखोर म्हणत नाही. बंड लोझीने केलं आणि त्याची किंमत मोजली.

---

मध्यंतर

आजोबा, लोझीची आठवण काढलीत, दंडवत! दोघं एका शाळेतले हे वाचूनसुद्धा दर वेळी नवल वाटतं.

पण ‘जॉनी गिटार’ (१९५४) बघून मग निकाल द्या. रिपब्लिक ही स्वस्तातले वेस्टर्न काढणारी कंपनी, रंग ट्रूकलरचे, भडक. व्हिएन्ना (जोन क्रॉफर्ड) गावाबाहेर, डोंगराला पाठ लावून एक सलून बांधून बसलीय. रेल्वे तिथून जाणार हे तिला कळलंय. गावातली एमा (मर्सिडीज मॅकेंब्रिज) तिला हुसकायला जमाव घेऊन येते. पिस्तुलं दोघी बायकांच्या हातात, जॉनी गिटार वाजवत मधे. आता मजा बघा. जमावाच्या म्होरक्यांतला एक आहे वॉर्ड बाँड, जो खऱ्या आयुष्यात हॉलिवुडमधल्या कम्युनिस्टांना हुडकणाऱ्या संघटनेतला मोठा मोहरा. जॉनी झालाय स्टर्लिंग हेडन, ज्याने १९५१ मध्ये त्या चौकशी समितीसमोर कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावं सांगितली आणि पुढे जन्मभर त्याबद्दल स्वतःला कोसलं. आणि सिनेमात काय होतं? जखमी पोरगा टर्की सापडतो. त्याला सांगतात, व्हिएन्ना दरोड्यात सामील होती एवढं म्हण, तुला सोडतो. तो म्हणतो. आणि त्याला फाशी देतात.

१९५४ मध्ये, रिपब्लिकसारख्या कंपनीच्या पैशांनी, वॉर्ड बाँडला पुढे उभं करून हा प्रसंग करणं याला तुम्ही काय म्हणाल? मग ते सलून पेटतं. पांढऱ्या झग्यातली क्रॉफर्ड पियानोवर बसलीय, मागे लाल कातळ. घर पुन्हा गेलं.

अमेरिकन समीक्षकांनी या सिनेमाची टर उडवली. पॅरिसला त्रुफोने (तेव्हा समीक्षक, पुढे दिग्दर्शक) त्याला वेस्टर्नमधली ‘ब्युटी अँड द बीस्ट’ म्हटलं.

---

खडूस आजोबा

प्रसंग धारदार आहे, हे मान्य. पण रूपकात बोलणं आणि समितीपुढे बसून नाही म्हणणं यांत अंतर आहे. लोझीवरचं माझं मत तसंच.

आणि फ्रेंचांचं काय सांगता! ‘बिटर व्हिक्टरी’ (१९५७) पाहून गोदारने, तोही तेव्हा समीक्षक, थोर दिग्दर्शकांची नावं घेत लिहिलं : रंगभूमी म्हणजे ग्रिफिथ, काव्य म्हणजे मुर्नाउ, चित्रकला म्हणजे रोसेलिनी, नृत्य म्हणजे आयझेनस्टाइन, संगीत म्हणजे रेन्वा, आता सिनेमा आलाय, आणि सिनेमा म्हणजे निकोलस रे. अशी वाक्यं विशीत लिहायची असतात. आमच्या फिल्म सोसायटीच्या दिवसांत पोरं ती पाठ करून चहावर फेकायची, सिनेमा एकही न पाहता.

---

नाडीपरीक्षा

‘बिगर दॅन लाइफ’बद्दल कोणीच लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो, कारण माझ्या व्यवसायाशी संबंध आहे.

१९५६ चा सिनेमा. जेम्स मेसन शाळामास्तर, पगार पुरत नाही म्हणून संध्याकाळी टॅक्सी कंपनीत काम, आणि हे बायकोपासून लपवलेलं. त्याला पॉलिआर्टेरायटिस नोडोसा होतो, रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार. कॉर्टिसोन हे स्टेरॉइड देतात, वाचतो. पण औषध डोक्यात जातं. आधी उत्साह, मग उधळपट्टी, मग ‘मीच शहाणा’. वाढीव गोळ्या स्वतःच घ्यायला लागतो. पालक-शिक्षक सभेत मुलांच्या अडाणीपणावर भाषण ठोकतो. घरी पोराला गणितं सुटेपर्यंत जेवण नाही, आणि भिंतीवर बापाची सावली राक्षसासारखी. शेवटी बायबल उघडून अब्राहम-इसाकची गोष्ट वाचतो आणि मुलाचा बळी द्यायचं ठरवतो. बायको म्हणते, देवाने अब्राहमला थांबवलं होतं. हा म्हणतो, देव चुकला.

स्टेरॉइडमुळे होणारा उन्माद आम्ही आजही बघतो, आणि मेसनने दाखवलेले टप्पे बरेचसे खरे आहेत : कमी झालेली झोप, न थांबणारं बोलणं, मोठेपणाच्या कल्पना. मूळ आधार ‘न्यूयॉर्कर’मध्ये १९५५ साली आलेला बर्टन रूशेचा वैद्यकीय लेख आहे. कॉर्टिसोन तेव्हा अगदी नवं. त्यावरच्या कामाला नोबेल १९५० मध्ये मिळालं, आणि त्यातले दोघं, हेंच आणि केंडल, मेयो क्लिनिकचे. ते रॉचेस्टर गाव ला क्रॉसपासून फार लांब नाही, नदी ओलांडून दोनेक तासांच्या आत.

डॉक्टर म्हणून तक्रार एकच. सगळा दोष औषधावर ढकलला असता तर सिनेमा सोपा झाला असता. पण हा मास्तर औषधाआधीच कंटाळलेला आहे. गोळ्या सुरू व्हायच्या आधीच तो बायकोला म्हणतो की आपण नीरस आहोत. घराच्या भिंतींवर युरोपातल्या शहरांची पोस्टरं लावलीत, जिथे तो कधीच जाणार नाही. मग तक्रार कसली म्हणा, हीच तर सिनेमाची ताकद.

---

वऱ्हाडी ठेचा

डॉक्टरसाहेब, हे ‘पोराले गणित सुटेपर्यंत जेवन नाही’ आमच्याइथं कॉर्टिसोनबिगर चालत होतं.

---

शंकासूर

मग हा माणूस संपला कसा? १९६२ नंतर काहीच नाही?

---

मध्यंतर

दारू, जुगार, गोळ्या. आणि स्टुडिओ. क्रम तुम्ही लावा. फ्लोरिडाच्या दलदलीत ‘विंड अक्रॉस द एव्हरग्लेड्स’ (१९५८) करताना त्याला मध्येच काढून टाकलं, लेखक बड शुलबर्गने सिनेमा पुरा केला. मग स्पेनमध्ये सॅम्युएल ब्रॉन्स्टनचे दोन महाकाय सिनेमे : ‘किंग ऑफ किंग्ज’ आणि ‘५५ डेज अॅट पेकिंग’. माद्रिदजवळ अख्खं पेकिंग उभारलं होतं. १९६२ मध्ये त्या सेटवर रे कोसळला, बाकीचं इतरांनी चित्रित केलं. त्यात तो अमेरिकेच्या राजदूताच्या छोट्या भूमिकेत दिसतो, चाकाच्या खुर्चीत. त्यानंतर स्टुडिओचा सिनेमा त्याला मिळाला नाही.

साठचं दशक युरोपात योजना आखण्यात गेलं. १९६९ मध्ये अमेरिकेत परतला, शिकागोतल्या आंदोलकांच्या खटल्यावर सिनेमा करायला. तोही झाला नाही. डेनिस हॉपरच्या (तो ‘रिबेल’मध्ये टोळक्यातला पोरगा होता) मदतीने १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला हार्पर कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली. शिकवणं म्हणजे काय, तर पोरांना घेऊन सिनेमा करायला घेतला. सुपर ८, १६ आणि ३५ एमेमची फिल्म, व्हिडिओ, सगळं एकाच पडद्यावर चार-पाच चौकटींत एकदम. नाव ‘वी कान्ट गो होम अगेन’. घराबद्दलची माझी सगळी बडबड मी या नावावरून सुरू केली होती, आता सांगते. १९७३ मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवात अर्धाकच्चा दाखवला, नंतर मरेपर्यंत त्याची काटछाट करत राहिला. शेवटची पत्नी सुझन रे हिच्या खटपटीने २०११ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला, व्हेनिसच्या महोत्सवात नीट दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. बघायला अवघड आहे. मला तो आवडतो की त्याची फक्त दया येते, हे अजून ठरत नाही.

---

पस्तीस एमेम

शिष्य मात्र भारी मिळाले. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवत होता तेव्हा त्याचा साहाय्यक पुढे दिग्दर्शक झालेला जिम जार्मुश होता. आणि जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सने ‘द अमेरिकन फ्रेंड’ (१९७७) मध्ये त्याला भूमिका दिली : जगाच्या लेखी मेलेला चित्रकार, जो स्वतःच्याच चित्रांच्या बनावट प्रती रंगवून विकतो. डोळ्यावर काळी पट्टी, जी खऱ्या आयुष्यातही असायची.

---

खडूस आजोबा

वेंडर्सचं नाव निघालंच आहे तर ‘लाइटनिंग ओव्हर वॉटर’बद्दल बोला. रे फुप्फुसाच्या कर्करोगाने मरायला टेकला होता, आणि हा १९७९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्या घरी कॅमेरे घेऊन पोहोचला. खोकला, उलट्या, इस्पितळ, सगळं टिपलं. १६ जून १९७९ ला रे गेला. मला तो सिनेमा अर्ध्यावर सोडावा लागला. मित्राच्या मरणाचा सिनेमा करायचा नसतो.

---

मध्यंतर

रेची स्वतःची इच्छा होती, आजोबा. तो काम केल्याशिवाय राहू शकत नव्हता आणि हे शेवटचं काम होतं. वेंडर्सलाही ती टोचणी आहे, तो सिनेमातच बोलून दाखवतो की मी या माणसाची कमजोरी वापरतोय का.

एक प्रसंग त्यासाठी तरी बघा. रे एका कॉलेजात ‘द लस्टी मेन’ (१९५२) दाखवतो. रोडिओत, म्हणजे काउबॉयांच्या खेळांत, बैलांवर बसून हाडं मोडून घेतलेला रॉबर्ट मिचम लंगडत आपल्या लहानपणीच्या घरी येतो. घर दुसऱ्याचं झालंय. तो सरपटत घराच्या खाली शिरतो आणि पोरपणी लपवून ठेवलेल्या वस्तू बाहेर काढतो, जुनं खेळण्यातलं पिस्तूल वगैरे. पडद्यावर मिचम, आणि पडद्यापुढे हाडांचा सापळा झालेला रे. हे कोणी टिपलंच नसतं तर?

---

खडूस आजोबा

तर आपण ‘द लस्टी मेन’ पाहिला असता. तो पुरेसा आहे.

---

शंकासूर

एकच बघायचा तर कुठला?

---

मध्यंतर

‘इन अ लोनली प्लेस’. हंफ्री बोगार्ट चिडखोर पटकथाकार, त्याच्यावर खुनाचा संशय. शेजारीण ग्लोरिया ग्रॅहम त्याच्या बाजूने साक्ष देते आणि प्रेमात पडते. मूळ कादंबरी डोरोथी बी. ह्यूजची, तिच्यात तो खरोखरच खुनी असतो. संहितेचा शेवट असा होता की तो तिचा गळा आवळतो. रेने ते चित्रित केलं, त्याला पटलं नाही, मग बहुतेकांना बाहेर काढून सेटवरच दुसरा शेवट रचला. काय तो सांगत नाही.

तेव्हा ग्रॅहम त्याची बायको होती आणि लग्न मोडत आलं होतं. कंपनीला कळू नये म्हणून तो सेटवरच झोपायचा. तिच्या करारात कलम होतं की सकाळी ९ ते संध्याकाळी ६, रविवार सोडून, नवऱ्याच्या सूचना तिने पाळायच्या.

---

तिरकी रेघ

काल रात्री पाहिला. ते कलम डोक्यात ठेवून पाहिल्याने असेल, पण अर्ध्यापर्यंत सिनेमा त्याचा आहे आणि मग गुपचूप तिचा होतो. बोगार्टने काय केलं यापेक्षा तो आता काय करेल या भीतीने आपण बघायला लागतो, तिच्या डोळ्यांनी. स्वयंपाकघरातला प्रसंग : तो ग्रेपफ्रूट कापायची वाकडी सुरी, ती वाकडीच असते हे न कळून, सरळ करत बसतो आणि वर सांगतो की चांगल्या प्रेमप्रसंगात प्रेमाबद्दल बोलायचंच नसतं, आपल्याकडे बघून कोणालाही कळेल आपण प्रेमात आहोत म्हणून. आणि ती समोर घाबरून बसलेली. त्याला कळतच नाही.

नॅटली वुडबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण बायकोला नवऱ्याची भीती वाटते हे तिचा नवराच कॅमेऱ्यामागे उभा राहून इतक्या स्वच्छपणे दाखवतो, हे विचित्र आहे आणि मला ते अजून नीट उलगडलेलं नाही. आजोबा, तुम्ही हा पाहिला असेलच. तुम्हाला बोगार्ट शेवटी बिचारा वाटतो का? मला नाही वाटला.

---

खडूस आजोबा

तरुणपणी पाहिला तेव्हा वाटला होता. गेल्या वर्षी पुन्हा पाहिला, तेव्हा ग्रॅहमनेच जरा आधी पळायला हवं होतं असं वाटलं.